समुद्राकडे पाठ करून

माझ्या नवऱ्याने तीस वर्षं जगभर फिरून जग काही पाहिलं नाही, याबद्दल आमच्या मोहल्ल्यात एकमत आहे. तो मालवाहू जहाजांवर तेलवाला होता, म्हणजे इंजिनरूममध्ये यंत्रांचं तेलपाणी बघणारा. इंजिनरूम जहाजाच्या पोटात असते आणि तिला खिडकी नसते. सुट्टीवर घरी आला की मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर त्याची फिरकी घेणं ठरलेलं. डेकवर काम केलेले त्याचे दोस्त सुएझ कालव्याचं वर्णन करायचे, दोन्ही बाजूंचं वाळवंट, उंट, सगळं. मग कोणीतरी विचारायचं, तुझ्या बाजूने सुएझ कसा दिसतो रे? हा म्हणायचा, "गरम." सगळे हसायचे, हाही हसायचा.

मी हसत नसे. स्वतःच्या माणसाची दुसऱ्याने केलेली चेष्टा मला खपत नाही. मी केलेली चालते.

मी रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात मराठी शाळेत शिकवत होते. आता निवृत्त झाले, पण चुकणाऱ्याला थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावायची सवय निवृत्त झालेली नाही. तिसरीला दिशा शिकवताना दरवर्षी माझा घसा बसायचा. उगवतीकडे तोंड केलं की पाठीमागे पश्चिम, हे मुलांना घडाघडा पाठ असे. पण पश्चिम दाखवा म्हटलं की सूर्य कुठे आहे हे न बघता सगळे हात समुद्राकडे जायचे. आमच्याकडे समुद्र म्हणजे पश्चिम. सूर्य तिकडे बुडतो, नमाजही तिकडेच तोंड करून पढायचा, कारण मक्का तिकडे. चेन्नईला समुद्र पूर्वेला आहे असं सांगितलं की वर्गातली हुशार मुलंसुद्धा माझ्याकडे संशयाने बघायची. ही दिशांची भानगड मी उगाच सांगत नाही, पुढे ती लागणार आहे.

आम्हाला तीन मुली. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात बांग देतात आणि डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज सुरू होताना म्हणायची दुसरी हाक, म्हणतात. जगात आल्यावर पहिल्यांदा ते शब्द कानी पडावेत, आणि शक्यतो बापाच्या तोंडून पडावेत. थोरल्या दोघींच्या वेळी हा नशिबाने सुट्टीवर होता. दोन्ही वेळा त्याने स्वतः बांग दिली, इतकी हळू की शेजारी पडलेल्या मलाही ऐकू आली नाही. धाकटी झाली तेव्हा मी माहेरी राजापूरला होते आणि हा भूमध्य समुद्रात कुठेतरी. तिच्या कानात बांग माझ्या भावाने दिली.

माहेरच्या घराला लागून किराणा दुकान होतं आणि त्यात मोहल्ल्यातला एकुलता एक फोन. जहाज बंदराला लागलं की नवरा तिथे फोन करायचा आणि दुकानदार कुंपणावरून हाक मारायचा. त्या दिवशी हाक आली तेव्हा मी ओली बाळंतीण. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही हा आईचा हुकूम. भाऊ म्हणाला, मी जाऊन सांगतो. मी म्हटलं, माझ्या पोरीची बातमी मीच देणार. तो सांगताना आवाज पाडून सांगेल हे मला ठाऊक होतं. पोर आईच्या मांडीवर दिली, कानात कापूस घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि गेले. दुकानात साखर-पोहे घ्यायला आलेली माणसं होती. सगळ्यांची खरेदी एकाएकी थांबली.

मी म्हटलं, मुलगी झाली, तिसरी, दोघी बऱ्या आहोत. पलीकडे नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला, "बरं." आणि फोन तुटला.

रिसिव्हर हातात धरून मी उभी राहिले आणि दुकान माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. ती बातमी माझ्याआधी सासरी पोचली. सासूबाईंनी तिचं एका वाक्यात करून टाकलं: "बरं बोललान नि फोन ठेवलान." पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य आमच्या घरात मीठमसाल्याच्या डब्यासारखं हाताशी असायचं. लग्नात, ईदला, कोणी पाहुणा आला की ते निघायचंच.

नवरा घरी आला तो सात-आठ महिन्यांनी. त्याचं म्हणणं असं की फोनचं कार्ड संपलं. फोन एका बारमध्ये होता. बार म्हणजे तिकडचं कॉफीचं हॉटेल, हेही त्याला कट्ट्यावर शपथेवर सांगावं लागलं. कार्ड संपल्यावर त्याने तिथलीच मिठाई घेतली आणि आत होते त्या सगळ्यांना वाटली. गाव जिनोआ, इटली. कट्ट्याने विचारलं, जिनोआत पेढे मिळतात काय? हा म्हणाला, पिवळी होती, वर साखर होती. यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. तिसऱ्या मुलीची मिठाई आणि तीही खिडकी नसलेल्या माणसाने इटलीत वाटलेली, म्हणजे हा शरमेपोटी रचतोय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

धाकटी सहावी-सातवीत होती. एक दिवस विहिरीवर पाणी भरताना तिने मला विचारलं, "अम्मा, अब्बाला मी नको होते का?"

मी कळशी खाली ठेवली आणि तिला तिच्या बापाचं 'बरं' समजावून सांगितलं. आमचा निकाह ठरला तेव्हा हा बरं म्हणाला होता. वादळात घराच्या आढ्यावरचे कोने उडाले तेव्हाही बरं. डॉक्टर म्हणाले पोटात खडा आहे, कापावं लागेल, तेव्हाही बरं. या माणसाकडे तेवढा एकच शब्द आहे आणि तो सगळीकडे तोच वापरतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, पण फोन ठेवला ना. कार्ड संपलं होतं, मी म्हटलं. ती म्हणाली, असं अब्बा सांगतो. कळशी उचलून ती पुढे चालू लागली आणि मला तिच्या पाठीकडे बघून कळलं की या पोरीला माझं समजावणं पुरणार नाही.

तिने बारावीनंतर जहाजाच्या इंजिनाचंच शिकायचं ठरवलं. मोहल्ल्यात बायका माझ्याकडे येऊन बसल्या. मुलीची जात, इंजिनरूम, तेल, गरमी, पुरुषमाणसं. हे सगळं ऐकून तिचा बाप म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी तो एसटीने रत्नागिरीला गेला आणि बोटांवर लोखंडी टोपण असलेले कामाचे बूट घेऊन आला. पुरुषांचे, त्यातल्या त्यात लहान मापाचे. पुढे कागद कोंबून त्याने ते तिच्या पायात चढवले आणि कॉलेज सुरू होईपर्यंत तिला घरात तेच घालून फिरवलं. पाय तयार व्हायला पाहिजेत म्हणाला. आमच्या शेणाने सारवलेल्या पडवीची त्या महिन्यात पार वाट लागली.

धाकटी आता एका क्रूझ जहाजावर थर्ड इंजिनीअर आहे. हे वाक्य लिहायला मला फार आवडतं. गावातल्या बँकेत, दवाखान्यात, मासे घेताना, कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगते. ज्यांनी माझ्याकडे येऊन बसून सल्ले दिले होते त्यांना तर घरी जाऊन सांगितलं.

गेल्या वर्षी तिने आम्हा दोघांना आठवडाभर जहाजावर बोलावलं. आम्ही बार्सिलोनाला चढलो. फेरीतल्या बंदरांची नावं तिने फोनवर भराभर वाचून दाखवली होती आणि मधल्या जिनोआशी अजिबात थांबली नव्हती. त्यावरूनच मी ओळखलं की ही फेरी तिने जिनोआसाठीच निवडली आहे.

नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा जहाजावर खिडकी मिळाली, चांगली बाल्कनीवाली. तो पडदा ओढून झोपला. उजेडात झोप येत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी परवानगी काढून धाकटीने आम्हाला खाली नेलं. एका अरुंद लोखंडी जिन्यावर एक गोव्याचा माणूस समोरून वर येत होता, पन्नाशीचा, हातात तेलाची बरणी, खिशात चिंधी. नवऱ्याने तीस वर्षं केलं तेच काम तो करत होता. धाकटीला बघून तो दोन पायऱ्या उतरून बाजूला झाला आणि "गुड मॉर्निंग, थर्ड" म्हणाला. तिने त्याला नावाने हाक मारून त्याच्या पंपाची चौकशी केली आणि आम्ही पुढे गेलो. वर आल्यावर नवऱ्याने दोनदा दाढीवरून हात फिरवला. तो असा हात फिरवतो तेव्हा त्याला आतून काय होतं ते मला माहीत आहे, आणि मलाही त्या वेळी तेच होत होतं. पोटात मावेना इतका अभिमान मला त्या तेलकट जिन्यावर वाटला.

जिनोआला जहाज सकाळी धक्क्याला लागलं. दुपारी धाकटीची कामाची पाळी होती, त्याआधी तिला परतायचंच होतं. नवऱ्याने इस्त्रीचा सफारी घातला, दाढीला मेंदी आदल्या दिवशीच लावून झाली होती. मी घरून आणलेला नारळाच्या वड्यांचा डबा पिशवीत घेतला. वाटेत भूक लागली तर काय, ही माझी पिशवीबाबतची कायमची भूमिका आहे.

प्रवाशांच्या इमारतीतून आम्ही बाहेर आलो. इमारत कसली, राजवाडा होता. समोर टॅक्सी, झेंडे धरलेले गाइड, फोटो काढणारी माणसं. नवरा पायरीवर उभा राहिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाला, हे ते नव्हे. धाकटीने फोनवर नकाशा काढला. बारचं नाव काय? माहीत नाही. रस्त्याचं? माहीत नाही. जवळ काय होतं? "फोन होता," तो म्हणाला.

आम्ही जुन्या गल्ल्यांत शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंती लागाव्यात. वर दोऱ्यांवर कपडे वाळत होते, कुठे मासे तळल्याचा वास. मला मजा येत होती. एका बाईने खिडकीतून टोपली सोडली, खालच्या पोऱ्याने त्यात पाव ठेवला, तिने ती वर ओढून घेतली. पण नवरा प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचा, एखाद्या दुकानाकडे टक लावून बघायचा आणि मान हलवायचा. दर वेळी त्याचे खांदे जरा खाली यायचे. शेवटी एका चर्चच्या पायरीवर तो बसला आणि म्हणाला, ऱ्हाऊ दे गो, लय वर्षं झाली. धाकटी म्हणाली, हो, राहू दे, चला कॉफी घेऊ. फार पटकन म्हणाली ती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. विहिरीवर कळशी उचलून पुढे चालू लागलेली पोर मला तिथे दिसली.

आता हे मला चालणार नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून माझ्या माणसाला खोटं पाडलं, ती गोष्ट चर्चच्या पायरीवर सोडून मी गावाला परत जाणार नव्हते. मी त्याच्याकडे मास्तरणीच्या नजरेने बघितलं. पोरगं तेराच्या पाढ्यात मध्येच अडलं की त्याला तिथूनच पुढे ढकलून उपयोग नसतो. त्याला तेरा एके तेरावर न्यावं लागतं, मग अडलेली जागा ते आपोआप ओलांडतं. मी विचारलं, तुम्ही जहाजातून उतरून कुठून बाहेर यायचात? हा म्हणाला, कुठून म्हणजे, मालधक्क्याच्या गेटातून. मग तिथेच चला, मी म्हटलं.

टॅक्सीने आम्ही मालधक्क्याच्या गेटावर गेलो. तिथे ना गाइड ना झेंडा. ट्रकांची रांग, डोक्यावरून जाणारा लांबलचक पूल, क्रेनच्या माना आणि मागे उंच दीपस्तंभ. गेटावरचा पहारेकरी आम्हाला हाकलायला पुढे आला. धाकटीने जहाजाचं ओळखपत्र दाखवून त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला आणि परत खुर्चीत बसला. नवरा गेटाला पाठ लावून उभा राहिला. क्षणभर डोळे मिटले. आणि मग हा माणूस चालायला लागला.

तो पाट्या बघत नव्हता, दुकानं बघत नव्हता. रस्ता ओलांडला, पुलाखालून गेला, डावीकडे वळला. तीस वर्षं त्याने जी जी गावं पाहिली ती अशीच पाहिली असणार: गेटापासून सुरू होणारी आणि पाळीच्या वेळेआधी गेटापाशी संपणारी. पुढे आमच्या पाखाडीसारख्या दगडी पायऱ्या लागल्या. माझे गुडघे कुरकुरायला लागले, पण हा आमच्या पुढे, सफारीची मागची बाजू घामाने भिजलेली, एकदाही मागे न बघता. पायऱ्या संपल्यावर तो उजवीकडे वळला आणि एका दुकानासमोर थांबला.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं ते. काचेला रंगीत कव्हरं लटकवलेली. धाकटीचा चेहरा पडला. पण नवरा आत गेला आणि सरळ कोपऱ्यातल्या भिंतीपाशी जाऊन हात ठेवून उभा राहिला. तिथे भिंतीवर फोन टांगतात तशी चार खिळ्यांची भोकं होती, रंगाने बुजवलेली. दुकान चालवणारा तरुण बांगलादेशचा निघाला, त्याला हिंदी येत होती. धाकटीने त्याला विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, मी घेतलं तेव्हा बंद पडलेला बार होता. मोबाइल ठेवलेला त्याचा काउंटर जुना, संगमरवरी होता, कॉफीच्या कपांनी एका जागी झिजलेला. नवऱ्याने त्या झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं. हयच, तो म्हणाला.

एवढं पुरेसं होतं का? मिठाईचा पुरावा तर कुठे नव्हताच, तो असणार तरी कसा. मी धाकटीकडे बघत होते. तिने माझ्या पिशवीत हात घातला, नारळाच्या वड्यांचा डबा काढला आणि दुकानात होते त्या सगळ्यांच्या पुढे धरला. दुकानदाराने वडी घेतली, फोन दाखवायला आलेल्या दोन मुलींनी घेतली, चार्जर घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानेही घेतली. दुकानदाराने विचारलं, काय खुशखबर? ती म्हणाली, माझा जन्म झालाय.

तिथे मी तोंड फिरवलं. नवरा तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग डबा बंद व्हायच्या आत दुकानातून बाहेर पडला.

समोर रस्ता जरा रुंद होता आणि पलीकडे लोखंडी कठडा. कठड्याच्या पलीकडे खाली अख्खं बंदर, कंटेनर, क्रेन आणि पाणी. नवरा रस्ता ओलांडून कठड्याला पाठ लावून उभा राहिला. पाठीमागे समुद्र, समोर घरं आणि घरांच्या वर डोंगर. आमच्या गावात धक्क्यावर उभं राहून घराकडे बघितलं की असंच दिसतं. आम्ही दोघी त्याच्यापाशी गेलो.

तो म्हणाला, "मिठाई वाटली, त्याच्यानंतर हय येऊन उभा ऱ्हायलो. पाऊस होता. हयनं तुझी बांग दिली."

मला आधी रागच आला. इतक्या वर्षांत मला हे का नाही सांगितलं? मी तसं विचारलंही, आणि हा माणूस, ज्याच्याकडे एकच शब्द आहे असं मी सगळ्यांना सांगत आले, तो बोलायला लागला. म्हणाला, थोरल्या दोघींच्या कानात माझी बांग गेली, हिच्याच नाही. मामाने दिली असणार, ती पुरते, हे त्याला माहीत होतं. पण फोन तुटल्यावर त्याला राहवेना. म्हणून तो इथे आला. जहाजावर असता तर मक्का कुठल्या बाजूला ते सारंगाला, डेकवरच्या मुकादमाला विचारलं असतं. इथे विचारणार कोणाला? आभाळ भरलेलं, सूर्य नाही. मग त्याने आपली गावाकडची दिशा धरली. समुद्र आहे तिकडे पश्चिम, तिकडे मक्का. आणि समुद्राच्या उलट बाजूला घर. आता समुद्राकडे तोंड केलं तर बांग रीतीने होणार, पण पोरीकडे पाठ. पोरीकडे तोंड केलं तर मक्केकडे पाठ. पावसात तो बराच वेळ तसाच उभा राहिला म्हणे.

"मग काय केलंस?" धाकटीने विचारलं. आमच्या घरात बापाला अहो-जाहो करत नाहीत.

"तुज्याकडं तोंड केलं," तो म्हणाला.

आणि तेव्हापासून ते त्याच्या मनाला खात होतं. मक्केकडे पाठ करून बांग दिली. कट्ट्यावर सांगावं तर पहिला प्रश्न तोच आला असता, तोंड कुणीकडे होतं रे? म्हणून त्याने फक्त मिठाईचं सांगितलं. तेवढ्यावरूनही लोक हसलेच.

धाकटीने खिशातून फोन काढला. त्यात होकायंत्र असतं. तिने ते डोंगरासमोर धरलं, बापाकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. तिचे ओठ थरथरायला लागले आणि मला वाटलं ही आता रडणार.

"अब्बा, ही उत्तर आहे," ती म्हणाली. "तू माझी बांग स्वित्झर्लंडला दिलीस."

मला हसू आवरेना. तिसरीचा अख्खा वर्ग माझ्या डोळ्यांसमोर समुद्राकडे हात करून उभा होता आणि त्यात माझा नवरा सगळ्यात पुढे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले, आणि ते पाणी मग हसणं थांबल्यावरही थांबलं नाही. हा मात्र हसत नव्हता. त्याचं तोंड उतरलं होतं. म्हंजे दोन्हीकडं नाय गेली, तो म्हणाला.

धाकटी फोन हातात धरून हळूहळू वळायला लागली. डोंगर गेला, घरं गेली, गावाच्या छपरांवरून ती किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या टोकाकडे आली आणि थांबली. "मक्का इकडे," ती म्हणाली. मग तिने दुसरं काहीतरी उघडून त्यात आमच्या गावाचं नाव घातलं. पुन्हा वळायला पाऊल उचललं आणि ते परत होतं तिथेच ठेवलं.

"आपलं घरपण इकडेच," ती म्हणाली. "इथून दोन्ही एकाच बाजूला आहेत, अब्बा. तुला निवडायला लागणारच नव्हतं."

नवऱ्याने त्या बाजूला पाहिलं. तिकडे काही नव्हतं, छपरं, एक घंटाघर आणि त्यामागे धुरकट आभाळ. तो किती वेळ बघत होता कोण जाणे. धाकटीने घड्याळ बघितलं नाही. तिने फोन खिशात टाकला, त्याला खांद्याला धरून त्या दिशेला वळवलं आणि स्वतः त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. ती त्याच्यापेक्षा उंच आहे. तिने गुडघे वाकवले, केस उजव्या कानामागे सारले आणि कान त्याच्या तोंडापाशी आणला.

"आता दे," ती म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, दुकानदार दारात वडी खात उभा होता. मग त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून पोरीचा कान झाकला आणि त्यात बांग दिली. थोरल्या दोघींना दिली तशीच, इतकी हळू की हातभर अंतरावरून मलाही ऐकू आली नाही. खाली ट्रक चालले होते. मी फक्त त्याची दाढी हलताना बघत होते, आणि कामाच्या बुटांनी कसलेले दोन्ही पाय घट्ट रोवून वाकून उभ्या राहिलेल्या माझ्या थर्ड इंजिनीअर पोरीला. उजवा कान झाला, मग डावा. इतकी वर्षं ज्याने हे एकट्याने पोटात ठेवलं, त्या माणसाची मी बायको आहे याचा मला त्या रस्त्यावर फार अभिमान वाटला.

झाल्यावर तो मागे सरला आणि खिशातला रुमाल शोधायला लागला. धाकटी सरळ उभी राहिली, बाहीने तोंड पुसलं आणि बापाकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली.